कुंकू लावलेला फासा

सन २००४. मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि माझा दारवान एका याळीच्या गुहेत, मोडक्या पुलावर, एकटाच उभा होता.

हे वाचून ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं. मला त्याची सवय आहे. ज्या दुकानात मी चाळीस वर्षं कॉफीचं बी भाजलं तिथले मालक हसले, समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त हेडक्लार्क हसले, माझा सख्खा मुलगा हसला. म्हातारा पोरांत बसून राक्षस मारतो म्हणे. हो, मारतो. तुम्ही संध्याकाळी टीव्हीपुढे बसून दुसऱ्यांच्या सासवा-सुनांची भांडणं बघता ते चालतं, आणि मी स्वतः पुलावर उभा राहतो ते चालत नाही. आता मी ऐंशीच्या पुढे गेलोय. माझं म्हणणं बदललेलं नाही.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, समोर गुहा आहे, आत अंधार आहे, कुठूनतरी पाणी टपकतंय. बाकीच्यांनी आपापला एक वीर घेतलेला असतो. आपला वीर काय करतो ते ज्याने त्याने सांगायचं, आणि ते जमतं की नाही हे फासा ठरवतो. फासा वीस बाजूंचा. वीस पडला की वार बरोबर वर्मी बसतो, मारणारा माणूस असो की राक्षस. मग जिंकतं कोण, असं सगळे विचारतात. कोणीच नाही. शनिवारी थांबलेली गोष्ट पुढच्या शनिवारी सुरू होते, बस.

हल्ली म्हणे या खेळासाठी खास हॉटेलं निघाली आहेत, तासावर टेबल मिळतं. नातवाने फोटो दाखवला. रत्नांसारखे फासे, रंगवलेले वीर, रबरी राक्षस. फासा टाकायचा कंटाळा आला तर फोनच आपल्यासाठी टाकतो. मी नातवाला म्हटलं, छान आहे बाबा, पण यात तुम्ही करता काय? आमच्याकडे काही नव्हतं तेव्हा सगळं आम्ही करत होतो. नियमांचं पुस्तक म्हणजे झेरॉक्स. कोणाच्या तरी मित्राने अमेरिकेहून आणलेल्या पुस्तकाची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, आणि झेरॉक्सवाल्याने मधली काही पानं गाळलेली. त्यामुळे मांत्रिक एका मर्यादेच्या वर गेला की पुढे त्याला काय काय येतं हे मद्रासेत कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही बसून आमचे मंत्र केले. नकाशा कॅलेंडरच्या पाठीवर. प्राण म्हणजे चिंचोके. वीराचे जितके प्राण तितके चिंचोके त्याच्यापुढे ठेवायचे, फटका बसला की तितके उचलायचे. फाशांचा संच एकच, निळा, कोपरे झिजलेला. तो हरवला असता तर खेळ संपला असता, म्हणून खेळ संपला की आधी तो मोजून डबीत जायचा.

ही पोरं माझी भाडेकरू. वेस्ट मांबलममध्ये माझं छोटं घर आहे, खाली आम्ही दोघं, वर एक मोठी खोली. त्या खोलीत महाराष्ट्रातून नोकरीला आलेले दोघे राहायचे. एक पुण्याचा, कंप्युटरच्या कंपनीत, तोच सूत्रधार. दुसरा सोलापूरचा, मोटारींच्या कारखान्यात, रोज पहाटे कंपनीची बस पकडायचा. शनिवारी नाशिकची एक मुलगी यायची, पुणेकराच्याच ऑफिसातली, पलीकडच्या गल्लीत बायकांच्या हॉस्टेलात राहायची. तिघेही मला आजोबा म्हणायचे, बायकोला आजी.

आम्ही तंजावरचे. घरात मराठी बोलतो, पण ती आमची मराठी, निम्मी पूर्वजांची आणि निम्मी तमिळ. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेही तमिळ शाळेत. देवनागरी आईने तांदूळ पसरलेल्या ताटात बोटाने गिरवून शिकवली. पहिल्यांदा मी बोललो तेव्हा सोलापूरकर इतका खूश झाला की त्याने मला तेच वाक्य परत म्हणायला लावलं. म्हणाला, आजोबा, तुम्ही घोड्यावरून उतरून आल्यासारखं बोलता. मी म्हटलं, आणि तू बसमधून. आज मी ही जी मराठी लिहितोय ती त्या टेबलावर शिकलो, गुहा, पूल, ढाल, माघार असल्या शब्दांसकट. शाळेने जे केलं नाही ते शनिवारांनी केलं.

मी टेबलावर आलो तो कोलूमुळे. नवरात्रात आमच्याकडे पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करून तिच्यावर बाहुल्या ठेवतात, तिला कोलू म्हणतात. वरच्या पायऱ्यांवर देव, खाली राजा-राणी, लग्नाची वरात, वाणी, पोलीस, कोणीही. लोक बघायला येतात, त्यांना सुंडल द्यायचं, म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले हरभरे. २००३ च्या नवरात्रात बायकोने वरच्या पोरांनाही बोलावलं. पुणेकर द्रोण हातात घेऊन पायऱ्यांपुढे उभा राहिला तो हरभरे खायचंच विसरला.

"आजोबा," तो म्हणाला, "तुमच्याकडे एवढं सैन्य रिकामं बसलंय."

मी विचारलं, लढाई कुठे आहे? मग त्याने खेळ सांगितला. निम्मं कळलं नाही, पण इतकं कळलं की वर माझ्या डोक्यावर दर शनिवारी कोणीतरी गुहेत शिरतं आणि मी खाली बसून पंखा बघत असतो. मी म्हटलं, मी येतो. तो हसला, म्हणाला, आजोबा, तुम्हाला कंटाळा येईल. मी म्हटलं, मला कंटाळा कधी यावा ते मी ठरवीन.

सैन्य मात्र मिळालं नाही. बायकोच्या माहेरच्या बाहुल्या त्या. नवरात्र संपलं की कापडात गुंडाळून ट्रंकेत जातात आणि वर्षभर त्यांना हात लावायचा नाही. पण एक बाहुली अशी होती जी पायरीवर जातच नव्हती. देवळाच्या दारात उभे असतात तसे दोन द्वारपाल, गदा घेतलेले. मुलगा लहान असताना त्याच्या हातून त्यातला एक फुटला. आमच्या घरची रीत अशी की जोडी मोडलेली बाहुली कोलूत मांडत नाहीत. उरलेला तीस वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून होता. मी बायकोला म्हटलं, याला दार नाही, जोडीदार नाही, याला मला दे. तिने ट्रंकेच्या तळातून काढून दिला. नाक थोडं झडलेलं, मिशा शाबूत. तो माझा वीर. मी त्याला नाव ठेवलं नाही. दारवान म्हणायचो.

पहिल्या दिवसापासून मी त्यांचे नियम मुकाट्याने घेतले नाहीत. शनिवारी सकाळी नऊ ते साडेदहा राहुकाळ असतो, त्या वेळेत आमच्याकडे कोणी नवं काम सुरू करत नाही. सूत्रधार म्हणाला, गुहेचं दार उघडलंय. मी म्हटलं, साडेदहानंतर. तो म्हणाला, आजोबा, गुहेत राहुकाळ नसतो. मी म्हटलं, गुहेत नसेल, दारवानाला आहे. शेवटी सगळी फौज गुहेच्या तोंडाशी बसून राहिली आणि नाशिकच्या मुलीचा वीर म्हणजे एक मांत्रिकीण, तिने तेवढ्या वेळात डोसे केले. पुढे तो नियमच झाला. तसंच त्यांच्या त्या आगओक्या पंखवाल्या प्राण्याचं. त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसेना. मी म्हटलं, ही तर याळी. आमच्या देवळांच्या खांबांवर कोरलेली असते, तोंड सिंहाचं, सोंड हत्तीची, बाकी सगळं कारागिराच्या मर्जीचं. दोन महिन्यांत पुणेकरही याळीच म्हणू लागला.

माझ्या आयुष्यात बहुतेक गोष्टी दुसऱ्यांनी ठरवल्या. शाळा बापाने थांबवली. भट्टीवर मामाने उभं केलं. लग्न थोरल्यांनी जमवलं, ते चांगलं जमलं ही गोष्ट वेगळी. दुकानातून कधी घरी बसायचं ते मालकाने ठरवलं. दारवान तेवढा माझ्या सांगण्यावरून चालत होता. तो चुकला तर मी चुकलो आणि वाचला तर मी वाचवला. म्हणून पुढे जे झालं ते मी इतकं मनाला लावून घेतलं. ज्याला हे कळत नाही त्याला मी समजावणार नाही.

ऑगस्टमध्ये माझ्या छातीत दुखलं. इस्पितळात ठेवलं, नळी घातली, सोडलं. त्यानंतर लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. तमिळमध्ये एक शब्द आहे, पावम. बिचारा म्हणतात ना, तसा. गल्लीतून चाललो की मागून तो शब्द ऐकू यायचा. भाजीवाली पिशवी स्वतः उचलून दारापर्यंत आणून द्यायची. मी परत नेऊन तिच्या गाडीवर ठेवायचो आणि तिथून पुन्हा उचलायचो. बेंगळुरूहून मुलगा दर रविवारी फोन करून आईला विचारायचा, अप्पा वर चढतात का अजून? वर चढत होतो. दर शनिवारी.

नवरात्रातल्या शनिवारी आम्ही याळीच्या गुहेत होतो. खजिना हाती आला होता, याळी जागी झाली होती आणि बाहेर जायला एकच पूल, तोही अर्धा मोडलेला. सगळे धावले तर सगळे मेले असते. मी म्हटलं, तुम्ही निघा, दारवान पुलावर थांबतो. त्याचं कामच ते. मुलगी नको म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या मांत्रिकिणीला सांग, मागे बघू नकोस. याळी म्हणून टेबलावर कॉफीचा उपडा पितळी पेला होता, त्याच्यासमोर दारवान, आणि त्याच्यापुढे थोडेच चिंचोके उरलेले. तिथे खेळ थांबला, कारण सोलापूरकराला त्या दिवशी नेमकी रात्रपाळी लागली होती.

मधल्या आठवड्यात आयुधपूजा आली. त्या दिवशी ज्याचं जे अवजार असेल ते देवीपुढे ठेवायचं, चंदन-कुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पूजा झाल्यावरच उचलायचं. उचललं की थोडं तरी वापरायचं, ते शुभ. चाळीस वर्षं मी माझा भाजायचा झारा ठेवत आलो. दुकान सुटलं तसा झारा दुकानातच राहिला. त्यानंतर बायको तिची कात्री, विळी, शिवणाचं मशीन ठेवायची आणि माझी जागा रिकामी असायची.

त्या वर्षी मी वर गेलो आणि फाशांची डबी मागितली. बायको म्हणाली, फासे देवीपुढे ठेवायचे? फाशांनी राज्यं बुडाली. मी म्हटलं, माझं अवजार आता हेच आहे. ती वाती वळत होती. वळतच म्हणाली, मग धुऊन आणा.

नाशिकची मुलगी पूजेला आली होती. मी तिला विचारलं, यात वीस कुठल्या बाजूला? कारण खरं सांगायचं तर ते आकडे मला दिसतच नव्हते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, आणि आकडे तिळाएवढे. वर्षभर माझे फासे पोरंच वाचून सांगत होती. तिने वीस दाखवला. मी त्या बाजूवर चंदनाचा ठिपका दिला, त्यावर कुंकू दाबलं. सगळ्यात मोठ्या आकड्याचा मान म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं.

त्याच दिवशी मुलगा आला. जेवताना त्याने विचारलं, हे फासे कोणाचे? आईने सांगितलं. नंतर तो वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. मला वाटलं, चला, भाडेकरूंशी ओळख करून घेतोय. बरं वाटलं उलट.

विजयादशमीला सुट्टी होती. पूजा उठली, फासे घेतले आणि दुपारी आम्ही वर बसलो. अवजार उचललं की वापरायचं, त्यामुळे शनिवारची वाट बघायचा प्रश्न नव्हता. मुलगाही येऊन पलंगाच्या कडेला बसला, बघतो म्हणाला. सूत्रधारापुढे नेहमी एक आडोसा असे, बायकोच्या रेशमी साडीच्या खोक्याचं झाकण. त्याच्यामागे तो राक्षसांचे फासे टाकायचा आणि आम्हाला आकडा सांगायचा. खेळाची तशी पद्धतच आहे, त्यात वावगं काही नाही.

याळीने झेप घेतली. आडोशामागे फासा खडखडला. हुकली. दारवानाने गदा मारली, लागली. याळी पुन्हा आली. पुन्हा हुकली. सोलापूरकर म्हणाला, हिला आज झालंय तरी काय, आणि सूत्रधाराने त्याच्याकडे असं बघितलं की तो नखं कुरतडू लागला. मी मात्र फुललो होतो. पलंगाकडे बघून म्हटलंसुद्धा, बघ, ऑगस्टमधला म्हातारा बघ. मुलगा हसला.

तिसऱ्या झेपेला फासा जोरात पडला. झाकणाला आपटला, उसळला, वरून बाहेर आला आणि कॅलेंडरच्या नकाशावरून घरंगळत थेट दारवानाच्या पायाशी येऊन थांबला. सूत्रधाराने झटकन उचलला.

"चार," तो म्हणाला. "हुकली."

"कुंकू वर होतं," मी म्हटलं.

"काय आजोबा?"

"फाशावरचं कुंकू. वर होतं. मला आकडे दिसत नाहीत. कुंकू दिसतं."

मुलगी हातातला कागद वाचू लागली, ज्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. सोलापूरकराचे कान लाल झाले होते. पुणेकराने मूठ उघडली नाही. शेवटी पलंगावरून आवाज आला.

"अप्पा, मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"की तुमचा माणूस मारू नका. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत ना? धक्का बसायला नको म्हणाले. आणि आई सांगते, तुम्ही झोपेतसुद्धा पूल पूल करता."

मी पुणेकराला विचारलं, आधीच्या दोन वेळा? तो म्हणाला, पहिली खरी होती. दुसरी नाही. पोरगा प्रामाणिक, विचारलं की सांगतो. पण मग मी जो इतका वेळ मिरवत होतो तो कशावर? मला त्या क्षणी छातीत दुखलं नाही. राग आला. इस्पितळातून आल्यापासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं.

"आजोबा, खेळच आहे हो," पुणेकर म्हणाला.

"खेळ आहे म्हणूनच," मी म्हटलं. "बसमध्ये मला जागा देता, घेतो. जिन्यात हात धरता, धरू देतो. बाकी सगळीकडे पावम म्हणा मला. इथे मी तुमच्या बरोबरीने बसलोय. याळीने तुला सोडलं असतं का?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग वीस म्हणजे वीस. तो आडोसा खाली घे."

मुलगा उठला. म्हणाला, अप्पा, हट्ट करू नका. मी त्याच्याकडे बघितलंही नाही, कारण बघितलं असतं तर कदाचित ऐकलं असतं. तो माझ्यावर माया करतो हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माया करणाऱ्यानेच माणसाला सगळ्यात आधी कोपऱ्यात बसवलेलं मी पाहिलंय. आमच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मुकादमाला असंच सगळ्यांनी जपलं. आधी पोती उचलू देईनात, मग चाळणी हातात देईनात, शेवटी तो नुसता स्टुलावर बसायचा, आणि स्टुलावरून माणूस कुठे जातो ते मी सांगायला नको.

पुणेकराने साडीचं झाकण काढून खाली ठेवलं. वीस पडला की फटका दुप्पट, म्हणून त्याने फटक्याचे फासे उघड्यावर टाकले. मुलीने आकडे वाचले. वाचताना तिची जीभ अडखळली, पण बरोबर वाचले. मी एकेक चिंचोका उचलत गेलो. चिंचोके संपले तरी फटका उरला होता.

तेव्हा सोलापूरकराला एकदम सुचलं. म्हणाला, थांबा, ती झेरॉक्समध्ये गळलेली पानं आहेत ना, त्यात मरणाऱ्याला वाचवायचा काही नियम असणारच. आपण कुठे वाचलाय? पुणेकराच्या तोंडावर असा उजेड आला की काय सांगू. मुलगीही लगेच म्हणाली, बरोबर, मंत्र आपण केलेच होते, हा नियमही करू. तिघेही माझ्याकडे बघत होते. पलंगावरून मुलगाही. खरंच सांगतो, एक क्षण मलाही वाटलं की हो म्हणावं. मंत्र तर मीच सगळ्यात जास्त केले होते त्यातले.

"ते मंत्र आपण गुहेत शिरायच्या आधी केले होते," मी म्हटलं. "याळी समोर उभी राहिल्यावर नाही. नसलेल्या पानांवर मी जगणार नाही. बाकीचे पूल ओलांडून गेले का, एवढं सांग."

पुणेकराने नाक ओढलं आणि सूत्रधाराच्या आवाजात सांगितलं की होय, ते बाहेर पोचले, मांत्रिकीण सगळ्यात शेवटी, आणि तिने मागे बघितलं नाही. मग पूल पडला. मी दारवानाला हातात घेतलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि जिना उतरलो. मुलगा मागे होता, पण त्याने हात धरला नाही. तेवढं त्याला कळलं होतं.

संध्याकाळी कोलूची आरती झाली. विजयादशमीच्या रात्री आमच्याकडे पायरीवरची एक बाहुली आडवी करतात, झोपवतात. मग सगळ्याच झोपल्या असं धरायचं आणि दुसऱ्या दिवशी आवरायचं. दरवर्षी बायको खालच्या पायरीवरच्या वाण्याला झोपवायची. त्या दिवशी वाण्यापर्यंत गेलेला हात तिने मागे घेतला. वरच्या खोलीतलं सगळं आमच्या छतातून ऐकू येतं, हे मी विसरलो होतो.

"त्याला द्या," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, त्याची जोडी नाही. तो पायरीवर चालत नाही ना?

"उभा करायला जोडी लागते. झोपवायला कशाला लागते?"

तिने दारवानाला पायरीवर आडवं ठेवलं, देवांच्या खालच्याच पायरीवर, राजा-राणीच्या शेजारी. गदा हातातच होती. पोरं आणि मुलगी, तिघंही आरतीला आली होती. मुलीने नमस्कार केला तेव्हा पोरांनीही केला. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. आईला म्हणाला, अप्पा फार हट्टी आहेत. ती म्हणाली, मला चव्वेचाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंस. तो हसला, आणि या वेळी मला त्याचं हसू टोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे झोपलेले असताना, मी एकटा बसने मैलापूरला गेलो. देवळाजवळच्या रस्त्यावर नवरात्रात बाहुल्यावाले बसतात. ते उरलेला माल पेंढ्यात भरत होते. मी बाहुली मागितली तेव्हा विकणाऱ्याने ताता, म्हणजे आजोबा, अशी हाक मारून सांगितलं, नवरात्र झालं, आता पुढच्या वर्षी या. मी म्हटलं, माझं आजपासून आहे. त्याने देव दाखवले, मी नको म्हटलं. लग्नाच्या वाजंत्र्यांचा एक संच फुटलेला होता, त्यातला ढोलवाला तेवढा धड उरला होता. पोट सुटलेला, गाल फुगलेले, कंबरेला ढोल बांधलेला. तो घेतला.

घरी येऊन सरळ जिना चढलो. पुणेकर दात घासत होता. टेबलावर ढोलवाला ठेवला तेव्हा तो तोंडात फेस घेऊन तसाच बघत राहिला. मी सांगितलं, हा नवा, याचे प्राण मोजून ठेव, अगदी पहिल्यापासून, एकही चिंचोका जास्त नको. शनिवार आहे, राहुकाळ संपला की बसू.

मग कोपऱ्यात पडलेलं साडीचं झाकण उचललं, खाली नेलं आणि ट्रंकेपुढे बसून बाहुल्या गुंडाळणाऱ्या बायकोच्या हातात दिलं. म्हटलं, हे तुझ्या खोक्याला परत लाव. वर आता लागणार नाही.